चित्तप्रसाद: भुकेची नावानिशी नोंद ठेवणारा चित्रकार

चित्तप्रसाद हे चित्रकार की व्यंगचित्रकार, आणि बंगाली असूनही त्यांचे नाव मुंबईशी कसे जोडले गेले, असे आपण विचारले आहे. मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि मुलांकडून लिनोकट (लिनोलियम या मऊ पदार्थावर कोरून छापलेली चित्रे) करून घेताना मुद्दाम त्यांचीच चित्रे समोर ठेवतो, म्हणून हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

त्यांचे पूर्ण नाव चित्तप्रसाद भट्टाचार्य. जन्म १९१५ साली बंगालमधील नैहाटी येथे झाला, तर महाविद्यालयीन शिक्षण आज बांगलादेशात असलेल्या चितगावात झाले. चित्रकला ते स्वतःच्या स्वतः शिकले. विद्यार्थिदशेतच ते कम्युनिस्ट चळवळीत ओढले गेले, आणि जातिव्यवस्थेचा निषेध म्हणून ब्राह्मणी आडनाव टाकून देऊन केवळ चित्तप्रसाद म्हणून ओळखले जाऊ लागले. पक्षाच्या नियतकालिकांसाठी त्यांनी साम्राज्यशाहीवर, साठेबाजांवर आणि नफेखोरांवर जहाल व्यंगचित्रे काढली.

त्यांचे खरे मोठेपण मात्र १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात दिसते. आदल्याच वर्षीच्या चक्रीवादळाने मेदिनीपूर जिल्हा उद्ध्वस्त झाला होता. त्यात युद्धकाळातील धोरणे, भडकलेले भाव आणि साठेबाजी यांची भर पडली आणि बंगालभर लाखो माणसे भुकेने व रोगराईने मेली. १९४३ च्या नोव्हेंबरमध्ये चित्तप्रसाद मेदिनीपूरच्या गावांतून फिरले आणि काळ्या शाईत माणसे रेखाटत गेले. बरगड्या मोजता येतील अशी शरीरे त्या काळातील इतर चित्रकारांनीही काढली आहेत. परंतु चित्तप्रसाद समोरच्या माणसाचे नाव, गाव, धंदा असा तपशीलही टिपून ठेवत. कोल्ह्याकुत्र्यांनी लचके तोडलेल्या एका प्रेताच्या चित्राखाली त्यांनी फक्त त्या माणसाचे नाव काय होते एवढेच लिहिले आहे. मला ती ओळ चित्राइतकीच महत्त्वाची वाटते, कारण सरकारदरबारी ज्याची नोंद केवळ आकड्यात झाली असती, त्याला तिने पुन्हा माणूस केले.

ही रेखाटने आणि प्रवासवर्णन ‘हंग्री बेंगॉल’ या पुस्तिकेत छापले गेले. इंग्रज सरकारने तिच्या ५,००० प्रती जप्त करून जाळून टाकल्या. कुटुंबीयांनी जपून ठेवलेल्या एका प्रतीवरून दिल्ली आर्ट गॅलरीने २०११ मध्ये तिची हुबेहूब आवृत्ती काढली, म्हणून ती आज आपल्याला पाहता येते.

१९४६ च्या सुमारास ते मुंबईत स्थायिक झाले आणि पुढची बरीच वर्षे अंधेरीत राहिले. काही काळातच पक्षाशी त्यांचे नाते तुटले, पण कष्टकऱ्यांशी तुटले नाही. लिनोकट हे माध्यम त्यांना जवळचे वाटले यात नवल नाही. लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र उलटे कोरायचे, जे कोरून काढले ते कागदावर पांढरे उमटते आणि जे राखले ते काळे. शिवाय एकाच ठोकळ्यावरून अनेक ठसे निघत असल्याने चित्र एखाद्या धनिकाच्या दिवाणखान्यापुरते उरत नाही. दुष्काळाच्या रेखाटनांतील तुटक, अस्वस्थ रेषा इथे ठाशीव आणि डौलदार झालेली दिसते.

मुंबईतच एका चेक स्नेह्यामुळे त्यांना बाहुल्यांची गोडी लागली आणि त्यांनी ‘खेलाघर’ हे बाहुलीनाट्य सुरू केले. व्यावसायिक यश त्यांच्या वाट्याला फारसे आले नाही. १९७८ साली कोलकात्यात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कामाची सुरुवात कुठून करावी असे विचाराल, तर बालमजुरांवरील लिनोकट आधी पाहावेत. खेळण्याच्या वयात पोटासाठी राबणारी ही मुले त्यांनी केविलवाणी रंगवलेली नाहीत. आमच्या वर्गातील मुले ती चित्रे हातात घेतात, तेव्हा पहिला प्रश्न हमखास येतो: या मुलाचे नाव काय?