टायरच्या हवेचा दिवा सकाळी लागतो, मग विझतो

प्रश्न : थंडी पडल्यापासून सकाळी गाडी काढली की डॅशबोर्डवर टायरच्या हवेचा पिवळा दिवा लागतो. दहा-बारा किलोमीटर गेल्यावर आपोआप विझतो. पंक्चरवाल्याने चारही चाकं पाण्यात बुडवून पाहिली, पंक्चर नाही. सेन्सर बिघडलाय का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सेन्सर ठीक आहे, हवाच कमी आहे. यंत्रणेत बिघाड असता तर बहुतेक गाड्यांत इंजिन सुरू केल्यावर हा दिवा मिनिटभर लुकलुकतो आणि मग लागलेलाच राहतो.

हवा बहुधा दुपारी, गाडी बरीच चालवून झाल्यावर पंपावर भरली गेली असावी. तेव्हा टायरमधली हवा 50 अंशांच्या आसपास असते. त्या वेळी गेजवर 33 पीएसआय दिसले, तरी पहाटे 12 अंशांत तोच टायर साडेसत्तावीसवर येतो. शिवाय पंक्चर नसतानाही रबरातून महिन्याला एखादा पीएसआय हवा झिरपतेच. कंपनीने सांगितलेल्या दाबापेक्षा हवा साधारण 20 ते 25 टक्के कमी झाली की दिवा लागतो, म्हणजे 33 च्या गाडीत 25-26 ला. गाडी पळू लागली की टायर तापतो, दाब तीन-चार पीएसआयने चढतो आणि दिवा विझतो. कमतरता मात्र तशीच राहते. अशा टायरच्या कडा जास्त दबतात, तापतात आणि लवकर झिजतात, म्हणून विझलेल्या दिव्यावर विसंबू नका.

गाडी किमान तीन तास उभी असताना, उन्हं चढण्याआधी, स्वतःच्या गेजने चारही टायर आणि स्टेपनी मोजा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरून घ्या. टायरच्या कडेवर छापलेला दाब कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. लांबून आल्यावर गेज 36 दाखवतंय म्हणून हवा सोडू नका. पुढच्या सकाळी पुन्हा दिवा लागेल. एकच टायर दर आठवड्याला उतरत असेल तर व्हॉल्व्हच्या पिनेवर आणि रिमच्या कडेला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहा.

प्रश्न : हवा बरोबर भरली तरी दिवा जात नाही. डॅशबोर्डवर दाबाचे आकडेही येत नाहीत. (एक वाचक, पुणे)

उत्तर : मेन्यूत टायर रिसेटचा पर्याय असेल, तर तुमच्या गाडीच्या चाकांत दाब मोजणारे सेन्सर बहुधा नसतील. अशी यंत्रणा एबीएसच्या (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून चाकांचा वेग पाहते. हवा कमी झालेल्या चाकाचा घेर किंचित घटतो, त्यामुळे ते इतरांपेक्षा जास्त फिरतं. योग्य दाब कोणता, हे तिला तुम्हीच सांगायचं असतं. आधी थंड टायरमध्ये हवा भरा, मग रिसेट करा. उलट क्रमाने केलं तर कमी दाबच ती योग्य धरून बसेल. टायर बदलल्यावर किंवा चाकांची अदलाबदल केल्यावरही रिसेट हवंच. चारही टायर सारखेच हळूहळू उतरले तर साध्या यंत्रणेला ते कळत नाही. गेज इथे जास्तच गरजेचं.

प्रश्न : चाकात सेन्सर असेल तर टायर बदलताना काय सांगायचं? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : सेन्सर व्हॉल्व्हच्या मुळाशी, रिमच्या आत असतो. टायर काढायच्या आधीच दुकानदाराला सांगा, कारण मशीनचं पातं व्हॉल्व्हजवळ दाबलं की तो फुटतो. व्हॉल्व्हचं रबरी सील त्याच वेळी नवं घाला. टोपी प्लॅस्टिकचीच ठेवा. धातूची टोपी पावसाळ्यात गंजून ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हला चिकटते आणि काढताना व्हॉल्व्हच तुटतो. आतली बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षं चालते. ती सहसा बदलता येत नाही, सेन्सरच नवा बसवून गाडीला ओळखवून द्यावा लागतो.