दूध सांडलं, हात उठला

भांडुपच्या ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. आठ वर्षांचा लेक सपाट जमिनीवरही धडपडतो, चड्डी घालताना भिंतीला टेकतो, लेझीमच्या रांगेतून बाईंनी त्याला बाहेर बसवलं. डॉक्टर ‘डीसीडी’ म्हणाले, म्हणजे डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर, हालचालींचा मेळ बसायला अडचण; सासूबाई म्हणतात ‘मोठा झाला की सुटेल’. आणि परवा त्याच्या हातून दुधाचं पातेलं सांडलं, तेव्हा तुमचा हात उठला.

आधी त्याला जवळ घ्या आणि ‘माझं चुकलं’ म्हणा. आजच.

तो धांदरट नाही हो. फडताळावरचा डबा काढायला आपण हात वर करतो ना, त्याच्या क्षणभर आधी आपले पाय आणि पाठ नकळत सावरून घेतात. डीसीडी असलेल्या बऱ्याच मुलांमध्ये ही तयारी उशिरा होते. हात पुढे जातो, तोल मागे राहतो. शिवाय तोल सांभाळायला ही मुलं अनेकदा डोळ्यांवर फार विसंबतात. चाळीच्या जिन्यातला दिवा गेला की तो कठडा सोडत नाही, असं तुम्ही लिहिलंय, त्यामागे हेच असेल. शंभरातल्या पाच-सहा मुलांना हा त्रास असतो आणि त्याचा हुशारीशी संबंध नाही.

सासूबाईंची माया कळते, पण बहुतेक मुलांचं हे नुसत्या वयाने सुटत नाही. वाट बघू नका. त्याला ऑक्युपेशनल थेरपी हवी, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून सराव करून घेणारे उपचार. खाजगी परवडत नाही म्हणता, तर परळचं केईएम रुग्णालय गाठा. या थेरपीचं शिक्षण तिथे १९५०पासून चालू आहे.

घरी जे जमायला हवं, तेच शिकवा. चड्डी आधी पलंगावर बसून, मग भिंतीला पाठ लावून, मग नुसता एक हात टेकून. अडलं की लगेच हात देऊ नका; ‘कुठे अडलं रे?’ विचारा आणि युक्ती त्यालाच शोधू द्या. रोज दहा मिनिटं पुरेत, पण रोज.

बाईंना भेटताना डॉक्टरांची चिठ्ठी न्या. याला डिस्प्रॅक्सियाही म्हणतात, आणि ते २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत आहे, हे शांतपणे सांगा. आधी नुसती पावलं शिकवा, लेझीम हातात नंतर द्या, एवढी विनंती करा.

आणि दूध त्यालाच आणू द्या. कोमट, अर्धं पातेलं.