स्वयंपाकघरातलं अंगण

प्रश्न : ताई, नमस्कार. मी डोंबिवलीला राहते. मुलगा साडेतीन वर्षांचा, मुलगी तेरा महिन्यांची. मी घरून काम करते. गेल्या मंगळवारी माझी मीटिंग चालू असताना मुलाने ओट्याखालचा कणकेचा डबा ओढून लादीवर उपडा केला, बहिणीला त्यात बसवलं आणि म्हणाला, "बाळाला पावडर लावतोय." शाळेत जाताना डोक्यावर स्टीलची वाटी हवी, नाहीतर बूट घालणार नाही. सासूबाई म्हणतात, आमची मुलं अशी नव्हती. संध्याकाळी त्याच्या हातात मोबाइल दिला की मगच माझा कुकर लागतो. त्याचं काही बिघडलंय, की माझंच चुकतंय?
— एक आई

उत्तर : तुला 'तू'च म्हणते. पत्र वाचताना माझी लेकच बोलतेय असं वाटलं.

त्याचं काही बिघडलेलं नाही. वाक्य बघ ना त्याचं : "बाळाला पावडर लावतोय." साडेतीन वर्षांचं मूल पूर्ण वाक्य बोलतं, तू अंघोळीनंतर बाळाला काय करतेस ते लक्षात ठेवतं आणि धाकट्या बहिणीसाठी तेच करायला जातं. हे सगळं मला फार आवडलं. (त्यावरून आठवलं, बाळाला खरंच पावडर लावत असशील तर बंद कर. ती श्वासावाटे आत जाते. मुलांचे डॉक्टर नकोच म्हणतात.)

मी कराडला अठ्ठावीस वर्षं बालवाडी चालवली. त्याआधी माझा स्वतःचा मुलगा तीन वर्षांचा असताना यांचा एसटीचा मासिक पास हरवला. चार दिवस घर पालथं घातलं. पाचव्या दिवशी तुळशीला पाणी घालताना मातीतून एक कोपरा वर आलेला दिसला. मी कुंडीत धने पेरताना पोराने पाहिलं होतं. "आईला पण पास येईल," म्हणाला. मी त्याला धपाटा घातला होता, ते आजही मला लागतं.

आता सासूबाईंचं. त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांना विचार की मुलं लहान असताना तुम्ही कुठे राहायचात? बहुतेक उत्तर येईल : वाडा नाहीतर चाळ, पुढे अंगण, घरात दोन-चार मोठी माणसं. तेव्हाची मुलंही माती उकरायची, पाणी सांडायची, पण ते सगळं अंगणात जिरायचं. तुमच्या दोन खोल्यांत अंगण नाही, म्हणून तुझा मुलगा ते ओट्याखाली शोधतोय.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे १९५७ साली त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. महागडी साधनं नव्हतीच. बिया, शिंपले, खडे, पानं यांवर मुलं शिकली. आम्ही बालवाडीत हेच करायचो, आणि तुझ्या घरातही हे जमेल.

ओट्याखालचा एक कप्पा त्याच्या नावाचा कर. कणीक, तेल, काचेचं सगळं वर जाऊ दे. खाली प्लास्टिकचे डबे, झाकणं, पळ्या, जुनी चाळणी. संध्याकाळी तू कुकर लावतेस तेव्हा त्याला खरं काम दे. खोटं काम मुलं लगेच ओळखतात. मेथीची जुडी असेल तर पानं खुडू दे. कांदे एका टोपलीत, बटाटे दुसरीत. वाळलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या लावणं हे तर माझ्या बालवाडीतलं सगळ्यात लाडकं काम होतं. पोळ्या करताना कणकेचा एक गोळा त्याचा. काम नीट होणार नाही, वेळ दुप्पट लागेल, पण पहिले पंधरा दिवस सोस. शेंगदाणे, फुटाणे, वाटाणे, बटणासारखे सेल मात्र या खेळात नकोत. धाकटी सगळं तोंडात घालते आणि असली वस्तू श्वासनलिकेत अडकू शकते. बटणाचा सेल पोटात गेला तर तासाभरातही इजा होते, तेव्हा रिमोटची झाकणं घट्ट आहेत ना, आजच बघ.

गॅस, सुरी, गरम कुकर इथे "नाही" म्हणजे नाही, आणि रोज तेच. बाकी ठिकाणी थोडं सैल सोड. वाटीने कुणाला इजा होतेय? व्हॅनपर्यंत घालू दे, तिथे तुझ्या हातात देऊन जाईल. शाळेतल्या बाईंना मात्र एकदा सांगून ठेव. "उशीर होतोय" हे त्याला कळत नाही, कारण घड्याळ अजून त्याचं झालेलं नाही. "कुकरची तिसरी शिट्टी झाली की बूट" हे कळतं. आणि "बूट घाल" ऐवजी "आधी उजवा की डावा?" असं विचार.

मोबाइलबद्दल तुला अपराधी वाटतंय, म्हणून आकडाच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलंय : दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त पडदा नको, कमी असेल तितकं बरं, एक वर्षाच्या मुलांना तर नकोच. म्हणजे थोरला बघतोय तेव्हा धाकटी शेजारी बसलेली नको. त्याच पत्रकात झोपही दिलीय : तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दहा ते तेरा तास. तुझा मुलगा रात्री किती वाजता झोपतो हे तू लिहिलेलं नाहीस. मला शंका आहे की साडेदहा-अकरा होत असतील, आणि सकाळच्या बुटाचं मूळ तिथे असेल. आठवडाभर तासभर आधी दिवा मालवून बघ.

मीटिंगच्या वेळी मात्र एका मोठ्या माणसाने मुलांपाशी असायलाच हवं. सासूबाई असतील किंवा नवरा, कोण कधी ते आठवड्याच्या सुरुवातीलाच ठरवा. हे एकट्या बाईने ओढायचं काम नाही.

आणि पुन्हा कणीक केसांत गेलीच, तर आधी पाणी लावू नकोस. कोरडं फडकं, मग फणी, मग अंघोळ. पाणी आधी लागलं की लगदा होतो आणि मग बाळ रडतं.