मोबाइलचा वेग : आकड्यातला आणि हातातला

नवा फोन घेताना दाखवल्या जाणाऱ्या ‘बेंचमार्क’ स्कोअरविषयी, म्हणजे फोनचा वेग मोजणाऱ्या चाचणीच्या गुणांविषयी, बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील चार प्रश्न या अंकात घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण बाकीच्या शंकांचे मूळ त्यातच आहे.

प्रश्न : मी शेती करतो आणि जोडीला कृषी सेवा केंद्र चालवतो. मागच्या वर्षी दुकानदाराने अंतुतू या अ‍ॅपचा स्कोअर दाखवून मला एक फोन दिला. धाकट्या भावाच्या फोनचा स्कोअर माझ्यापेक्षा बराच कमी आहे, तरी त्याचा कॅमेरा चटकन उघडतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो लगेच दिसतात. माझा फोन मात्र अडखळतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तर पैसे पाठवायचे अ‍ॅप उघडायलाही वेळ लागतो. स्कोअर खोटा समजायचा की फोन खराब? – एक वाचक, अकोला

उत्तर : स्कोअर बहुधा खरा आहे आणि फोनही धडधाकट असावा. अडचण अशी की तो स्कोअर ज्या कामांची मोजदाद करतो, ती कामे आपण दिवसभरात फारशी करतच नाही. अंतुतूचा लाखांत दिसणारा आकडा म्हणजे प्रोसेसर, ग्राफिक्स, मेमरी आणि वापराचा अनुभव अशा चार वेगवेगळ्या चाचण्यांची बेरीज असते, आणि त्या बेरजेत पहिल्या दोहोंचाच वाटा मोठा असतो. त्यामुळे एखादा फोन केवळ ग्राफिक्सच्या बळावर एकूण आकड्यात पुढे जाऊ शकतो, पण जो माणूस मोबाइलवर गेम खेळत नाही त्याच्या वाट्याला ते बळ कधी येतच नाही. म्हणून एकूण आकड्यापेक्षा त्याखाली दिलेली फोड पाहावी. मेमरीच्या रकान्यात आपल्या भावाचा फोन पुढे निघाला, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आपण सांगितलेली लक्षणे, म्हणजे कॅमेरा उशिरा उघडणे आणि फोटो उशिरा दिसणे, ही बहुतेक वेळा स्टोरेजची, म्हणजे फोटो आणि अ‍ॅप साठवण्याच्या जागेची, असतात. स्वस्त फोनमध्ये ईएमएमसी प्रकारचे स्टोरेज असते, तर त्याहून वरच्या फोनमध्ये यूएफएस असते. ईएमएमसी एका वेळी एकतर माहिती वाचते किंवा लिहिते. यूएफएस ही दोन्ही कामे एकाच वेळी करू शकते. आपल्या सेवा केंद्राच्या गोदामाला एकच अरुंद दार असेल आणि खताच्या गोण्या आत येत असताना बाहेर जाणारा माल थांबवावा लागत असेल, तर हमाल कितीही चपळ असले तरी दारात खोळंबा होणारच. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांतून फोटो आणि व्हिडिओ येऊन पडत असतात, अ‍ॅप परस्पर अपडेट होत असतात आणि त्याच वेळी आपण कॅमेरा उघडतो, तेव्हा प्रोसेसर रिकामा बसून स्टोरेजची वाट पाहत असतो. स्टोरेज काठोकाठ भरले असेल तर हा खोळंबा आणखी वाढतो, कारण या प्रकारच्या मेमरीत नवे लिहिण्याआधी जुने पुसून जागा मोकळी करावी लागते. पाचवा हिस्सा तरी जागा मोकळी ठेवावी, असा सल्ला मी नेहमी देतो. व्हॉट्सअ‍ॅपमधील आपोआप डाउनलोडची सोय बंद केली, तरी पुष्कळ फरक पडतो.

येथे ग्राहकाने विशेष सावध राहावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. एकाच नावाच्या फोनमध्येही स्टोरेजचा प्रकार वेगळा असू शकतो. २०२३ मध्ये आलेल्या गॅलेक्सी एस२३ या महागड्या फोनच्या १२८ जीबीच्या प्रकारात यूएफएस ३.१ होते आणि २५६ जीबीच्या प्रकारात त्याहून वेगवान यूएफएस ४.० होते. सव्वाशे-अडीचशे जीबीचा फरक खोक्यावर ठळक छापलेला असतो, पण प्रकार मात्र विचारल्याशिवाय कळत नाही. तो विचारावा, आणि दुकानदाराला सांगता आला नाही तर कंपनीच्या संकेतस्थळावर पाहूनच पैसे द्यावेत.

आता दुपारच्या मंदपणाकडे येऊ. बहुतेक मोबाइलच्या आत पंखा नसतो. चिप तापली की ती जळू नये म्हणून फोन स्वतःच तिचा वेग उतरवतो, स्क्रीनचा उजेड कमी करतो आणि चार्जिंगही मंदावतो. आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा असे अ‍ॅपलच सांगते. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो, म्हणजे फोन खिशातून काढण्याआधीच मर्यादेच्या बाहेर असतो. त्यातच उन्हात दिसावे म्हणून आपण स्क्रीन पूर्ण उजेडावर नेतो आणि मोटारसायकलवर नकाशा चालू ठेवतो. दुकानदाराने दाखवलेला स्कोअर बहुधा थंड दुकानातल्या थंड फोनचा होता, आणि तोही काही मिनिटांचाच. तो आकडा शेताच्या बांधावर टिकेल अशी हमी त्यात कोठेच नव्हती.

हे टिकणे मोजणारी चाचणीही उपलब्ध आहे, पण तिचा आकडा जाहिरातीत क्वचितच दिसतो. थ्रीडीमार्क या अ‍ॅपमधील वाइल्ड लाइफ स्ट्रेस टेस्ट एकाच मिनिटाची चाचणी सलग २० वेळा घेते आणि सर्वांत वाईट फेरी सर्वांत चांगल्या फेरीच्या किती टक्के होती, ते सांगते. ही चाचणी ग्राफिक्सची असली तरी उष्णतेपुढे फोन किती तग धरतो, याचा अंदाज तिच्यावरून चांगला येतो. विदर्भ-मराठवाड्यातील वाचकाने पहिल्या फेरीच्या उंच आकड्यापेक्षा या टक्क्यांना अधिक मान द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सुरुवातीला थोडा मागे असलेला, पण नव्वदीच्या घरात टिकणारा फोन आपल्याकडे अधिक उपयोगाचा ठरतो.

याचा अर्थ सगळेच आकडे निरुपयोगी आहेत असा नव्हे. कॅनडातील प्रायमेट लॅब्स या कंपनीचे गीकबेंच हे अ‍ॅप दोन आकडे देते : प्रोसेसरच्या एकाच गाभ्याचा, म्हणजे सिंगल कोअरचा एक, आणि सर्व गाभ्यांचा मिळून मल्टी कोअरचा दुसरा. अ‍ॅप उघडणे, वेबपान दिसणे, कळफलक वर येणे ही कामे क्षणभराची असतात आणि ती मुख्यतः एक-दोन वेगवान गाभ्यांवरच होतात, त्यामुळे रोजच्या वापराच्या दृष्टीने सिंगल कोअरचा आकडा जास्त बोलका असतो. मात्र दोन फोनची तुलना करताना आवृत्ती एकच आहे ना, हे पाहावे. गीकबेंच ५ मध्ये इंटेलच्या कोअर आय३-८१०० या प्रोसेसरला १००० गुण धरून मोजणी होत असे, तर २०२३ मध्ये आलेल्या गीकबेंच ६ मध्ये कोअर आय७-१२७०० ला २५०० गुण धरले आहेत आणि चाचण्याही बदलल्या आहेत. या दोन आवृत्त्यांचे आकडे शेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष चुकीचाच असणार. अंतुतूच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांनाही हेच लागू आहे.

प्रश्न : कंपन्या बेंचमार्कमध्ये फसवणूक करतात असे वर्गातील मित्र म्हणतात. यात तथ्य किती? – एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : तथ्य आहे, आणि ते वेळोवेळी सिद्धही झाले आहे. बेंचमार्कचे अ‍ॅप उघडले आहे हे फोन त्याच्या नावावरून ओळखतो आणि तेवढ्यापुरता पूर्ण ताकद लावतो, अशी ही सर्वसाधारण पद्धत आहे. २०१३ मध्ये आनंदटेक या संकेतस्थळाने सॅमसंगच्या गॅलेक्सी एस४ ची ग्राफिक्स चिप काही ठरावीक चाचण्यांत ५३२ मेगाहर्ट्झवर, तर एरवी ४८० मेगाहर्ट्झवरच चालते, हे उघड केले. त्याच वर्षी आर्स टेक्निकाने गीकबेंचचे नाव बदलून ते गॅलेक्सी नोट ३ वर चालवले. नाव बदलताच फोनला ते ओळखता आले नाही आणि गुण खाली आले. मोजणी तीच, फोनही तोच, फरक फक्त अ‍ॅपच्या नावाचा, त्यामुळे वादाला जागाच उरली नाही. २०१८ मध्ये थ्रीडीमार्कच्या निर्मात्यांनी आपल्या अ‍ॅपची लोकांना न दिलेली खासगी प्रत हुआवेच्या काही फोनवर चालवली, तेव्हा सार्वजनिक प्रतीचे गुण ४७ टक्क्यांपर्यंत जास्त निघाले आणि पी२० प्रो, ऑनर प्ले यांसह ते फोन यादीतून काढले गेले.

पुढच्या दोन प्रकरणांचे स्वरूप वेगळे होते, आणि मला ती अधिक गंभीर वाटतात. २०२१ मध्ये वनप्लस ९ आणि ९ प्रो हे फोन क्रोमसारख्या लोकप्रिय अ‍ॅपना मुद्दाम कमी ताकद देतात, पण बेंचमार्कना पूर्ण ताकद देतात, हे आनंदटेकने दाखवले आणि गीकबेंचने ते दोन्ही फोन आपल्या तक्त्यातून काढले. २०२२ च्या मार्चमध्ये सॅमसंगच्या गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिस या वेग आवरणाऱ्या सोयीतील सुमारे १०,००० अ‍ॅपची यादी समोर आली. तीत लोकांची रोजची अ‍ॅप होती, पण बेंचमार्कची अ‍ॅप नव्हती. त्यानंतर गीकबेंचने एस१० पासून एस२२ पर्यंतच्या मालिका तक्त्यातून वगळल्या, आणि सॅमसंगला दिलगिरी व्यक्त करून वापरणाऱ्याच्या हाती निवड देणारे अपडेट द्यावे लागले.

वेग आवरून बॅटरी वाचवणे आणि उष्णता रोखणे यात गैर काहीच नाही; बातमी वाचायला चिपची सगळी ताकद लागत नाही. पण ज्या ताकदीचे पैसे घेतले ती रोजच्या अ‍ॅपना मिळणार नाही आणि केवळ परीक्षेच्या वेळी दिसेल, ही गोष्ट ग्राहकापासून लपवून ठेवणे मला अन्यायाचे वाटते. हे लक्षात घेता कंपनीने स्वतः जाहीर केलेल्या आकड्यापेक्षा दुकानात विकत घेतलेल्या फोनवर स्वतंत्रपणे घेतलेली, आणि शक्य तर नाव बदललेल्या अ‍ॅपने घेतलेली चाचणी विश्वासार्ह मानावी.

प्रश्न : वडिलांसाठी फोन घ्यायचा आहे. खोक्यावर ‘८ + ८ जीबी रॅम’ असे लिहिले आहे. म्हणजे १६ जीबीच ना? – एक वाचिका, रत्नागिरी

उत्तर : नाही. खरी रॅम ८ जीबीच आहे. दुसरे ८ जीबी म्हणजे स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा असते आणि स्टोरेज हे रॅमपेक्षा कितीतरी मंद असते. जी अ‍ॅप सध्या वापरात नाहीत, त्यांची माहिती तेथे ठेवता येते, इतकाच तिचा लाभ आहे. वडिलांच्या वापरासाठी खरी ६ ते ८ जीबी रॅम, यूएफएस स्टोरेज आणि किती वर्षे सुरक्षा अपडेट मिळणार, या तीन गोष्टी पाहाव्यात आणि बेंचमार्कचा विचार सोडून द्यावा.

प्रश्न : माझा तीन वर्षांचा फोन अपडेटनंतर संथ झाला आहे. नवा घ्यावा म्हणून कंपन्या जुने फोन मुद्दाम मंद करतात का? आणि मी तो बदलावा का? – एक वाचिका, सांगली

उत्तर : बेंचमार्कचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा उपयोग येथेच होतो. २०१७ च्या डिसेंबरमध्ये प्रायमेट लॅब्सच्या जॉन पूल यांनी आयफोन ६एस आणि ७ वर लोकांनी घेतलेल्या हजारो चाचण्यांचे गुण आयओएस या आयफोनच्या मूळ प्रणालीच्या आवृत्तीनुसार आलेखात मांडले. आधीच्या आवृत्तीत सगळे ६एस एकाच आकड्याभोवती गोळा झालेले दिसत होते, पण १०.२.१ या आवृत्तीनंतर त्याखाली आणखी टेकड्या उभ्या राहिल्या, म्हणजेच काही फोन ठरावीक पायऱ्यांनी मंद झाले होते. बॅटरी जुनी झाल्यावर फोन अचानक बंद पडू नये म्हणून आपणच वेग कमी करतो, हे त्यानंतर अ‍ॅपलने मान्य केले, जाहीर माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचे दर उतरवले. कारण समजण्याजोगे होते, परंतु ते आधी सांगितले असते तर अनेकांना केवळ बॅटरी बदलून भागवता आले असते.

आपणही हेच करून पाहावे. फोन थंड असताना, बॅटरी सेव्हर बंद करून गीकबेंच चालवावे आणि आलेला सिंगल कोअरचा आकडा त्याच संकेतस्थळावर आपल्याच मॉडेलच्या इतर फोनना मिळालेल्या आकड्यांशी ताडून पाहावा. आपला आकडा त्यांच्या फार खाली असेल तर बॅटरी किंवा उष्णतेची अडचण संभवते आणि अधिकृत सेवा केंद्रात बॅटरी तपासून घेणे योग्य ठरेल. तो त्यांच्याइतकाच असेल तर प्रोसेसर शाबूत आहे. मग मंदपणाचे कारण भरलेले स्टोरेज, मागे चालणारी अ‍ॅप आणि तीन वर्षांत वजनदार झालेली तीच जुनी अ‍ॅप यांत शोधावे.

अँड्रॉइड फोनवर आणखी एक खूण पाहता येते. सेटिंग्जमधील डेव्हलपर ऑप्शन्स या एरवी लपलेल्या यादीत प्रोफाइल एचडब्ल्यूयूआय रेंडरिंग ही सोय सुरू केली की स्क्रीनच्या तळाशी बारीक उभ्या पट्ट्या उमटू लागतात. प्रत्येक पट्टी म्हणजे स्क्रीनवरचे एक चित्र तयार करायला लागलेला वेळ, आणि आडवी हिरवी रेषा म्हणजे १६ मिलिसेकंदांची मर्यादा, कारण ६० हर्ट्झच्या स्क्रीनला दर सेकंदाला ६० चित्रे द्यावी लागतात. एखाद्या अ‍ॅपमध्ये यादी वर सरकवताना पट्ट्या सतत त्या रेषेच्या वर जात असतील आणि दुसऱ्या अ‍ॅपमध्ये खालीच राहत असतील, तर दोष फोनपेक्षा त्या अ‍ॅपचा असण्याचा संभव अधिक आहे. पाहून झाल्यावर डेव्हलपर ऑप्शन्स बंद करावेत, कारण ते चालू असताना बँकांची काही अ‍ॅप उघडत नाहीत.

फोनला सुरक्षा अपडेट येणे बंद झाले असेल आणि आपण त्यावरून बँकेचे व्यवहार करत असाल, तर मात्र तो वेगवान असला तरी बदलावा. अपडेट अजून येत असतील तर आधी जागा मोकळी करावी, गरज दिसल्यास बॅटरी बदलावी आणि त्यानंतर पुन्हा एकदा मोजून मगच नव्या फोनच्या खर्चाचा विचार करावा.