मुदत वाढवून घ्या, वाढीव कर्ज मात्र आत्ता नको

जून २०२१ मध्ये सोलापूरहून एका ताईंचं पत्र आलं, हे त्याचं तेव्हाचं उत्तर. त्या शालेय गणवेश शिवण्याचा कारखाना चालवतात. २९ फेब्रुवारी २०२० ला त्यांच्याकडे सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे माल आणि येण्यांवर मिळणारं खेळत्या भांडवलाचं कर्ज) आणि मशीनचं टर्म लोन मिळून ३२ लाखांचं कर्ज होतं. जुलै २०२० मध्ये त्यांनी सरकारच्या करोनाकाळातल्या आपत्कालीन पतहमी योजनेतून, म्हणजे ईसीएलजीएसमधून, त्याच्या २० टक्के म्हणजे ६ लाख ४० हजार रुपये ८ टक्क्यांनी घेतले. वर्षभर फक्त व्याज भरलं, आता जुलैपासून मुद्दलाचे हप्ते सुरू होतील. बँकेचे साहेब म्हणताहेत, "मुदत एक वर्षाने वाढवून देतो, वर आणखी ३ लाख २० हजारही घ्या." ताईंच्या नावावर ५ लाखांची एफडी आहे. त्या विचारतात: बँकेचं ऐकू, की एफडी मोडून हे कर्ज हलकं करू? शेवटी एक ओळ आहे: "हे कर्ज विनातारण आहे, सरकारची हमी आहे, म्हणजे घराला धोका नाही ना?"

ताई, त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करतो. गेल्या वर्षभरात हा गैरसमज मी इतक्या जणांकडून ऐकलाय की आधी तो दूर करायलाच हवा.

सरकारची १०० टक्के हमी आहे हे खरं. पण ती बँकेला आहे, तुम्हाला नाही. तुमचं कर्ज बुडालं तर नॅशनल क्रेडिट गॅरंटी ट्रस्टी कंपनी बँकेचं नुकसान भरून देते. तुमची देणेदारी तिथे संपत नाही. वसुली चालूच राहते आणि सिबिलवर, म्हणजे पतअहवालावर, डाग पडतो तो तुमच्याच नावावर.

आता "विनातारण" या शब्दाकडे या. योजनेत नवीन तारण मागत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या सीसीला घर गहाण आहे असं तुम्ही लिहिलंय. ईसीएलजीएसच्या कर्जाचा त्याच जुन्या तारणावर दुसरा बोजा चढतो, बँकेच्या भाषेत सेकंड चार्ज. म्हणजे घरावर आधी सीसीचा हक्क आणि त्यामागे याचा. घराला धोका नाही असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. २०२० चं मंजुरीपत्र काढून तारणाचा परिच्छेद आजच वाचा.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, ठरतं ते कर्जागणिक नव्हे, कर्जदारागणिक. या ६ लाख ४० हजारांचा हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला, तर त्याच बँकेतलं तुमचं सीसी आणि टर्म लोनही त्याच्याबरोबर एनपीएत जाईल, त्यांचे हप्ते वेळेवर असले तरी. लहान कर्ज मोठ्याला ओढून नेतं. म्हणून हा प्रश्न ६ लाखांचा नाही, ३८ लाखांचा आहे, असं समजून पुढचा हिशेब पाहा.

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून कापड आणि चालू कारागिरांची मजुरी जाऊन हातात महिना ५५,००० उरतात, तेही मास्क आणि दवाखान्याच्या गाऊनच्या कामावर. त्यातून सीसीचं व्याज १९,०००, टर्म लोनचा हप्ता १६,५००, वीजबिल ६,००० आणि या कर्जाचं व्याज साधारण ४,२७० जातं. मागे राहतात जेमतेम ९,२००. घरखर्च यजमानांच्या पगारावर चालतो, म्हणून निभावतंय.

जुलैपासून ३६ महिन्यांचा हप्ता सुरू झाला, तर ४,२७० च्या जागी महिना साधारण २०,०५० जातील. म्हणजे ९,२०० शिल्लक नाही, दरमहा साडेसहा हजारांची तूट. गणवेशाची एकही ऑर्डर नसताना ही तूट कशातून भरणार? नातेवाइकांकडून, भिशीतून, नाहीतर सोनं ठेवून. तिकडे वळू नये म्हणूनच मुदतवाढ घ्यायची.

सरकारने ३० मे २०२१ रोजी जाहीर केलेला बदल तुमच्यासारख्यांसाठीच आहे. ईसीएलजीएसच्या पहिल्या टप्प्यातल्या, म्हणजे तुमच्यासारख्या, कर्जाची मुदत चार वर्षांची पाच होते: २४ महिने फक्त व्याज, मग ३६ महिने मुद्दल आणि व्याज. ही सवलत रिझर्व्ह बँकेच्या ५ मे २०२१ च्या पुनर्रचनेला, म्हणजे कर्जाचे हप्ते आणि मुदत नव्याने बसवून घेण्याला, पात्र असणाऱ्यांनाच आहे. त्यासाठी खातं ३१ मार्च २०२१ ला नियमित असायला हवं, आधीच्या लघुउद्योग सवलतींत पुनर्रचना झालेली नसावी, आणि उद्यम नोंदणी, म्हणजे केंद्र सरकारची लघुउद्योगांची नोंदणी, हवी. तुमचं पहिलं आणि दुसरं जमतंय. तुमच्याकडे अजून तिच्याआधीची जुनी नोंदणी, उद्योग आधारच आहे. उद्यम नोंदणी ऑनलाइन होते, पैसे लागत नाहीत. एजंटला एक रुपयाही देऊ नका.

याची किंमत किती? एका वर्षाचं जादा व्याज, साधारण ५१,२००. आणि पतअहवालात "पुनर्रचित" अशी नोंद. ही नोंद मी हलकी मानत नाही. पुढची दोन-तीन वर्षं दुसऱ्या बँकेत गेलात तर ती डोळ्यांत भरेल, कदाचित व्याजदरात पाव-अर्धा टक्का जास्त मोजावा लागेल. पण शेजारी एनपीएची नोंद ठेवून पाहा. पुनर्रचनेचं कारण सांगता येतं, २०२० आणि २०२१ चं कारण प्रत्येक बँकेला ठाऊक आहे. एनपीए झाल्यावर तुमचं ऐकून घ्यायला समोर कुणी बसत नाही. मुदतवाढ घ्या, हे मी निःशंकपणे सांगतो.

वाढीव ३ लाख २० हजारांचं मात्र तसं नाही. ही रक्कम त्या ३२ लाखांच्या "दहा टक्क्यांपर्यंत" आहे, घेतलीच पाहिजे असं बंधन नाही. बँकेच्या साहेबांच्या बोलण्यात दोन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणून त्या एकच आहेत असं धरू नका.

तुम्ही लिहिलंय, या पैशातून आठ बसून असलेल्या कारागिरांना पगार द्यायचा आणि पुढच्या हंगामाचं कापड भरायचं. कारागिरांबद्दलची तुमची तळमळ मला कळते. कटिंग मास्टर एकदा गेला की तसा माणूस परत मिळत नाही, हे तुम्ही मला सांगायची गरज नाही. पण हा पैसा पाच-सहा महिन्यांत संपेल, आणि शाळा कधी उघडणार हे ना तुमच्या हातात आहे, ना माझ्या. जून २०२० चा हंगाम गेला, यंदाही शाळा ऑनलाइनच सुरू होताहेत. कापडाचं तर आणखी अवघड. गेल्या वर्षीचे तयार गणवेश गोदामात पडून आहेत, त्यांवर शाळांची बोधचिन्हं आहेत, ते दुसरीकडे खपत नाहीत. त्यात कर्ज काढून नवं कापड?

आकडाही पाहा. दोन्ही मिळून ९ लाख ६० हजार होतील. आत्ता व्याज ६,४०० म्हणजे सोसवेल असं वाटतं. पण वाढीव रकमेचीही परतफेड ३६ हप्त्यांत धरली, तर जुलै २०२२ पासून हप्ता ३०,००० च्या पुढे जातो. आजची पूर्ण शिल्लक त्यात ओतली तरी महिन्याला जवळजवळ सतरा हजार कमी पडतील. हंगाम आला तर भराल. नाही आला तर घरावरचा तोच दुसरा बोजा आणखी जड झालेला असेल.

मी कर्जाच्या विरोधात नाही. एखाद्या संस्थेची लेखी ऑर्डर आली, तिने निम्मी रक्कम आगाऊ दिली, आणि उरलेल्या कापडासाठी पैसा हवा असेल, तर हेच कर्ज मी स्वतः तुम्हाला घ्यायला सांगेन. ८ टक्क्यांनी बाहेर कोण देणार? ३० मे २०२१ च्या घोषणेप्रमाणे योजना ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत, किंवा हमीची ३ लाख कोटींची मर्यादा संपेपर्यंत, यातलं आधी होईल तोपर्यंत आहे. मर्यादा आधी संपली तर संधी हुकेल, हा धोका मी जाणूनबुजून पत्करायला सांगतोय. संधी हुकली तर थोडं नुकसान होईल, उगाच घेतलेलं कर्ज मात्र चार-पाच वर्षं पुरतं. मुदतवाढीच्या अर्जातच बँकेला विचारून घ्या, वाढीव रक्कम सप्टेंबरपर्यंत मागता येईल का, आणि उत्तर लेखी घ्या.

आठ कारागिरांसाठी काय करता येईल? सगळ्यांना पूर्ण पगार जमणार नाही. मास्टर आणि आणखी एक-दोन हात, ज्यांच्यावाचून कारखाना पुन्हा उभा राहणार नाही, त्यांना उरणाऱ्या ९,२०० मधून थोडी उचल द्या. बाकीच्यांशी स्पष्ट बोला. "पुढच्या महिन्यात बघू" असं म्हणत त्यांना ताटकळत ठेवू नका, त्यांनाही दुसरं काम शोधायला वेळ हवा.

एफडी मोडू नका. ८ टक्क्यांचं कर्ज, एफडीवर ५.४ टक्के, मग मोडून कर्ज फेडणं शहाणपणाचं, असं गणित सांगतं. फरक २.६ टक्क्यांचा, म्हणजे ५ लाखांवर वर्षाला १३,०००. पण एवढं करूनही कर्ज पूर्ण फिटत नाही, आणि एकदा भरलेला पैसा बँक परत देणार नाही. मुलीची बारावी झालीय, तिच्या प्रवेशाची फी येईल. दुसऱ्या लाटेत घरातल्या दोघांच्या उपचाराला किती लागले ते तुम्हीच लिहिलंय. एफडी हाताशी ठेवायची किंमत वर्षाला १३,००० असेल, तर मी ती मोजेन.

पैसा आणखी एका ठिकाणी अडकलाय, आणि तो तुमचाच आहे. दुकानदार आणि संस्थांकडे ४ लाख १० हजार थकलेत, काही तर २०१९ पासूनचे. लघुउद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. जून २०२१ मध्ये बँक रेट ४.२५ टक्के होता, म्हणजे व्याज १२.७५ टक्के. शाळाही अडचणीत आहेत, म्हणून थेट तक्रारीने सुरुवात करू नका. या कलमाचा उल्लेख करून साधं पत्र पाठवा आणि हप्त्यांत द्यायला सांगा. यातले निम्मे जरी आले तरी वाढीव कर्जाची गरज बरीचशी भागते, तीही बिनव्याजी.

जाता जाता स्टॉक स्टेटमेंटविषयी, म्हणजे माल आणि येण्यांचा जो हिशेब तुम्ही बँकेला देता त्याविषयी. जुना माल आणि जुनी येणी बँक ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे सीसीतून किती उचलता येईल त्या हिशेबात, धरत नाही, त्यामुळे तुमची सीसीची मर्यादा खाली येईल, ही भीती खरी आहे. तरी आकडा फुगवू नका. पुनर्रचनेच्या वेळी माल तपासायला माणूस येऊ शकतो, आणि खोटं स्टेटमेंट सापडलं तर आजवरची तुमची सगळी पत तिथेच जाईल. खरा आकडा द्या आणि सीसीची मर्यादाही याच पुनर्रचनेत नव्याने बसवून मागा.

तेव्हा या आठवड्यात उद्यम नोंदणी करा. मग हप्ता लागायच्या आत, जूनमध्येच, बँकेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. फोनवरच्या होकारावर थांबू नका. नवं मंजुरीपत्र हातात आलं की सही करण्याआधी मला पाठवा. त्यातला तारणाचा परिच्छेद आणि हप्त्यांचं कोष्टक आपण दोघं मिळून वाचू.