बांध, काठ आणि बॉर्डर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीचा प्रश्न असा आहे की, बॉर्डर, बाउंडरी आणि फ्रंटियर या तिन्ही इंग्रजी शब्दांपुढे कोशात 'सीमा, हद्द, सरहद्द' हेच शब्द पुढेमागे करून दिलेले असतात, तर मग त्यांच्यात फरक काय आणि कोणता शब्द कुठे वापरायचा? प्रश्नाला निमित्तही घडले आहे. स्पर्धा परीक्षेच्या सरावासाठी लिहिलेल्या इंग्रजी निबंधात त्यांनी 'सीमाप्रश्ना'ला 'बाउंडरी डिस्प्यूट' म्हटले, सीमाभागातील गावांना 'फ्रंटियर व्हिलेजेस' म्हटले आणि शेताच्या हद्दीला 'बॉर्डर' म्हटले. निबंध तपासणाऱ्या सरांनी पहिल्या दोन्ही जागी 'बॉर्डर' केले आणि तिसऱ्या जागी 'बाउंडरी'. माझ्या मते सरांच्या तीन दुरुस्त्यांपैकी दोन योग्य आहेत. पहिली मात्र करायला नको होती.

सुरुवात साडीपासून करू, कारण बेळगावात हा शब्द बहुतेकांच्या कानावर प्रथम तिथेच पडतो. शहापूर-वडगावच्या मागावर विणलेली साडी असो किंवा पलीकडच्या बागलकोट जिल्ह्यातले इरकल, दुकानात बसलेली बाई 'बॉर्डर दाखवा' म्हणते, 'बॉर्डर किती इंची आहे' असेही विचारते. 'बाउंडरी किती इंची आहे' असे कोणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही. या एका वाक्यात दोन शब्दांमधला निम्मा फरक आला. बॉर्डरला रुंदी असते. ती रेघ नसून पट्टा असते, आणि तो पट्टा वस्तूचाच भाग असतो. इरकलाचा गोमी किंवा परसपेटी काठ साडीबरोबरच विणलेला असतो, बाहेरून आणून लावलेला नसतो. शब्दाचे मूळही हेच सांगते. जुन्या फ्रेंचमधील 'बोर्द' म्हणजे कड, जहाजाची बाजू; जहाजात चढण्याला 'ऑन बोर्ड' म्हणतात ते त्यामुळेच. आपल्या 'काठ' शब्दाची चाल नेमकी अशीच आहे. साडीचा काठ, विहिरीचा काठ, नदीकाठ, या सगळ्यांना रुंदी आहे, त्यांवर बसता येते, वस्ती करता येते. आणि ज्याला इंग्रजीत बॉर्डरलाइन म्हणतात त्याला आपण 'काठावर पास' म्हणतो. इंग्रजीच्या आधाराशिवाय मराठीने हा वाक्प्रचार घडवला, याचे मला दर वर्षी निकालाच्या दिवशी कौतुक वाटते.

बाउंडरीला रुंदी नसते. मागे आमच्या शेजारच्या शेताची मोजणी झाली, तेव्हा हे मी डोळ्यांनी पाहिले. दोन्ही भाऊबंद बांधावर उभे होते आणि बांध कुणाचा यावरून नेहमीचे बोलणे चालू होते, कारण एकाने नांगरताना दर साली थोडा थोडा बांध कोरला आहे असे दुसऱ्याचे म्हणणे होते. सर्वेअरने नकाशा उघडला, साखळी धरली आणि शेवटी जिथे खूण केली ती जागा बांधाच्या मध्यावर नव्हती, कडेलाही नव्हती, तर एकाच्या उसात दीड हात आत होती. बांध दिसतो, त्यावर गवत उगवते, बाभूळ वाढते, तो कोरला की बारीक होतो. बाउंडरी ही नकाशातली रेघ असते; ती कोरता येत नाही. म्हणून शेताच्या बाबतीत सरांची दुरुस्ती बरोबर आहे. 1964 चा कर्नाटकाचा आणि 1966 चा महाराष्ट्राचा, असे दोन्ही राज्यांचे जमीन महसूल कायदे इंग्रजीत 'बाउंडरी' हाच शब्द वापरतात आणि हद्दीच्या दगडाला 'बाउंडरी मार्क' म्हणतात. खरेदीखतात आपण ज्याला चतुःसीमा म्हणतो आणि कन्नड दस्तात ज्याला चकबंदी म्हणतात, त्या चारही बाजू इंग्रजी दस्तात 'बाउंडेड ऑन द ईस्ट बाय' अशा थाटात येतात. मात्र क्रियापद म्हणून 'बॉर्डर' शेताला चालतो: आमचे शेत ओढ्याला लागून आहे, हे 'बॉर्डर्स ऑन अ स्ट्रीम' असे लिहिले तर ते निर्दोष इंग्रजी होईल.

(जाता जाता: 'लिमिट' हा शब्द ज्या लॅटिन 'लिमेस'पासून आला, त्याचा एक जुना अर्थ दोन शेतांमधली पायवाट असा आहे. म्हणजे रोमन शेतकऱ्याच्या बांधावरूनच आजची स्पीड लिमिट आली.)

आता पहिल्या दुरुस्तीकडे येतो. 'सीमाप्रश्न' याला 'बाउंडरी डिस्प्यूट' म्हणणे चूक तर नाहीच, उलट सरकारी कागदांत तोच शब्द आहे. भारतीय संविधानाचा अनुच्छेद 3 संसदेला राज्याच्या 'बाउंडरीज' बदलण्याचा अधिकार देतो. तिथे बॉर्डर हा शब्द नाही. 1966 साली नेमलेला आणि 1967 साली अहवाल देणारा आयोग आपण 'महाजन आयोग' म्हणून ओळखतो, पण त्याच्या इंग्रजी नावात महाराष्ट्र, म्हैसूर (म्हणजे आजचे कर्नाटक) आणि केरळ यांच्यामधील 'बाउंडरी डिस्प्यूट्स' असे स्पष्ट शब्द आहेत. त्याचे कारण शब्दाच्या अर्थातच आहे. रेघ कुठून जावी, हा वाद असतो तेव्हा इंग्रजीला बाउंडरी हवी असते. या आयोगाचे काम पाहणारे माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन हे 1947 साली फाळणीच्या वेळी रॅडक्लिफ यांच्या अध्यक्षतेखालील पंजाबच्या आयोगाचेही सदस्य होते, आणि त्या आयोगाचे नावही 'बाउंडरी कमिशन' असेच होते. पण रॅडक्लिफ यांची रेघ एकदा जाहीर झाली, दोन्ही अंगांना चौक्या बसल्या आणि माणसे अडवली जाऊ लागली, की तीच रेघ बॉर्डर झाली. 1965 साली तिच्यावर उभे केलेले दल हे 'बॉर्डर सिक्युरिटी फोर्स' आहे, बाउंडरी फोर्स नाही. आखेपर्यंत बाउंडरी, आखल्यावर जगण्याच्या आड येते ती बॉर्डर, अशी ढोबळ खूणगाठ बांधायला हरकत नाही. वर्तमानपत्रे 'बॉर्डर रो' लिहितात तेही चुकीचे नाही, कारण त्यांच्या बातमीत रेघेपेक्षा रेघेवर थांबलेल्या बसगाड्या अधिक असतात. तेव्हा निबंधात कायद्याच्या अंगाने लिहीत असाल तर तुमचा 'बाउंडरी डिस्प्यूट' तसाच ठेवा आणि 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतरच्या लोकांच्या हालअपेष्टांविषयी लिहीत असाल तर 'बॉर्डर' घ्या.

बोलीत तर बॉर्डर हा आता आपलाच शब्द झाला आहे. कर्नाटकातले बाची ओलांडून महाराष्ट्रात चंदगड तालुक्यातल्या शिनोळीकडे जाणारा, किंवा हायवेने कोगनोळी ओलांडून कागलकडे जाणारा माणूस कधी 'सीमा ओलांडली' म्हणत नाही. 'बॉर्डर क्रॉस केली' म्हणतो. आंदोलनाच्या दिवसांत बसस्टँडवर 'बस बॉर्डरपर्यंतच जाऊलालीय' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. आणि गंमत अशी की, तीच एक रेघ माणसागणिक नाव बदलते. जिचे शेत त्या रेघेला लागून आहे, ती म्हातारी तिला बांध म्हणते. गावाचा पुजारी तिला शीव म्हणतो, कारण त्याचा नारळ शिवेवरच्या देवापाशी फुटतो. पोलीस तिला हद्द म्हणतो, किंवा आपल्याकडच्या कन्नड-इंग्रजी वळणाने 'आमच्या लिमिटमध्ये येत नाही' म्हणून मोकळा होतो. एका रात्री झालेल्या अपघाताची खबर द्यायला दोन ठाण्यांच्या पायऱ्या चढताना हा शब्द मला चांगलाच पाठ झाला. वर्तमानपत्र तिला सीमा म्हणते. आणि कन्नड वर्तमानपत्र 'गडी' म्हणते. नव्याने कन्नड अक्षरे शिकणारा मराठी मुलगा 'गडी' वाचून कुठला गडी, कबड्डीचा की शेतावरचा, असे विचारतो, हा आमच्या घरातला जुना विनोद आहे.

हे मराठी शब्दही एकमेकांच्या जागी बसत नाहीत, हे इथे सांगायला हवे, कारण भाषांतरात घोटाळा होतो तो बहुधा आपल्या बाजूचे शब्द आपण सैल वापरतो म्हणून. शीव हा संस्कृत 'सीमा'चाच घरात वाढलेला शब्द आहे, पण तो गावापुरता राहिला. मुंबई बेटाच्या टोकाचे शीव हे गाव इंग्रजांच्या तोंडी सायन झाले. वेस म्हणजे रेघ नव्हे, दरवाजा. म्हणून लक्तरे वेशीवर टांगता येतात, शिवेवर नाही. हद्द हा अरबीतून आलेला शब्द सत्तेचा आहे, त्यामुळे हद्दपार करतो ते सरकार आणि हद्दवाढ होते ती नगरपालिकेची. इंग्रजीत यातल्या हद्दीला बहुतेक वेळा 'लिमिट्स' किंवा 'जुरिसडिक्शन' लागेल, शिवेला 'व्हिलेज बाउंडरी', आणि वेशीला चक्क 'गेट'.

फ्रंटियर या शब्दाने मात्र तुम्हाला फसवले. इंग्रजीत फ्रंटियर म्हणजे केवळ सीमा नव्हे, तर जिथे आपल्या सत्तेचा अंमल विरळ होत जातो आणि पुढे परके, अनोळखी काही सुरू होते तो मुलूख. फ्रेंच 'फ्रंट'मधून, म्हणजे लॅटिन कपाळावरून, तो शब्द आला; समोरच्याकडे कपाळ करून उभी असलेली बाजू. फारसी-अरबीतून आलेला आपला 'सरहद्द' पाहा: सर म्हणजे डोके आणि हद्द म्हणजे मर्यादा. दोन अगदी लांबच्या भाषांना राज्याच्या टोकाविषयी बोलताना माणसाचे डोकेच आठवावे, हे मला विलक्षण वाटते. आणि संस्कृतही यातून सुटलेली नाही, कारण 'सीमन्त' म्हणजे केसांतला भांग. म्हणून 1901 साली इंग्रजांनी वायव्येला जो 'नॉर्थ-वेस्ट फ्रंटियर प्रॉव्हिन्स' केला, त्याला आपण सरहद्द प्रांत म्हटले आणि खान अब्दुल गफार खान हे फ्रंटियर गांधी किंवा सरहद्द गांधी झाले, ते भाषांतर अगदी चपखल होते. 1928 साली मुंबईहून पेशावरपर्यंत सुरू झालेल्या फ्रंटियर मेलचे नावही त्याच अर्थाचे. खानापूर, निपाणी, चंदगड यांच्यामध्ये असा विरळ अंमल कुठेच नाही. उलट दोन्ही बाजूंना तलाठी, तहसीलदार, चेकपोस्ट सगळे दाटीवाटीने आहे. तेव्हा आपली गावे 'बॉर्डर व्हिलेजेस', सीमावासी म्हणजे 'बॉर्डर रेसिडेंट्स', आणि सीमाभाग म्हणजे 'बॉर्डर एरिया'. फ्रंटियर हा शब्द विज्ञानाच्या निबंधासाठी राखून ठेवा. ज्ञानाच्या कक्षा रुंदावल्या असे लिहायचे असेल तिथे 'फ्रंटियर्स ऑफ नॉलेज' शोभेल.

प्रश्नात नसलेली, पण हल्ली तुमच्या वयाच्या मुलामुलींच्या बोलण्यात सतत येणारी एक गोष्ट इथेच घेतो, ती म्हणजे 'बाउंडरी सेट करणे'. याला काही अनुवादक 'मर्यादा आखणे' म्हणतात आणि मला ते पटत नाही. मर्यादा या शब्दाचा जुना अर्थ काठ, किनारा असा होता खरा, पण आजच्या मराठीत मर्यादा पाळायची असते, आणि ती पाळायची कुणी, हे दुसरेच ठरवतात. बहुधा घरातल्या सुनेने आणि मुलीने. इंग्रजी बाउंडरीचे तोंड उलट दिशेला आहे: ती मी आखते आणि समोरच्याने तिथे थांबायचे असते. 'मी माझ्या मर्यादा आखल्या' असे म्हटले की मराठी वाचकाला वाटते, या बाईने स्वतःला आवरले. सांगायचे असते ते असे की तिने दुसऱ्याला अडवले. माझ्या मते तिथे नामाच्या मागे न लागता सरळ क्रियापद वापरावे: 'यापुढे मी कुणाला बोलू देत नाही', किंवा नुसते 'इथवरच'. शेताच्या भाषेतला 'बांध घालणे' हाही चालू शकेल, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पाणी उभे राहील.

क्रिकेटमधली बाउंडरी मात्र निरुपद्रवी आहे. तिथे मैदानाची कडही बाउंडरी आणि तिच्यापार गेलेला फटकाही बाउंडरी, आणि आपण त्यातल्या दुसरीला चौकार-षटकार म्हणून सुटतो. बॉर्डर-गावसकर ट्रॉफीतला बॉर्डर हे ॲलन बॉर्डर यांचे आडनाव आहे, एवढे नमूद करतो, कारण मागे एका मुलाने मला त्याचाही अर्थ विचारला होता.

राहिला तुमच्या पत्राच्या शेवटी विचारलेला शब्द, सीमोल्लंघन. दसऱ्याला गावची शीव ओलांडून आपट्याची पाने लुटून येणे, यासाठी इंग्रजीत 'क्रॉसिंग द बॉर्डर' लिहिलेत तर परीक्षक तुम्हाला पासपोर्ट विचारील. 'क्रॉसिंग द व्हिलेज बाउंडरी' असे लिहा, मूळ शब्द तिरक्या अक्षरांत ठेवा, आणि पुढे एका वाक्यात सोने वाटण्याची पद्धत सांगा.