वाटी भरली, दिवस रिकामा

प्रश्न : आमचा आफ्रिकन ग्रे पोपट ६ वर्षांचा आहे. आम्ही दोघंही नोकरीवर, त्यामुळे सकाळी ९ ते संध्याकाळी ७ घर बंद असतं. पिंजरा मोठा आहे, त्यात घंटा, आरसा, झोपाळा सगळं आहे. तरी दोन महिन्यांपासून तो छातीवरची पिसं उपटतोय. आणखी खेळणी आणावीत का? (एक वाचक, दादर)

उत्तर : आधी डॉक्टर, मग खेळणी. पिसं उपटण्यामागे त्वचेचा संसर्ग, यकृताचा त्रास किंवा जस्ताची विषबाधा असू शकते. तुमच्या घंटेची साखळी पांढरट मुलाम्याची असेल तर ती आजच काढा. त्या मुलाम्यात जस्त असतं आणि ग्रे ती साखळी दिवसभर चघळतो. पक्ष्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडून रक्ततपासणी करून घ्या.

तपासणीत काही निघालं नाही, तर वाटीकडे बघा. सकाळी वाटी भरली की पंधरा-वीस मिनिटांत त्याचं पोट भरतं आणि पुढचे नऊ तास त्याला काही उद्योग नसतो. रानात हाच पक्षी फळं शोधत लांबवर उडतो, फोडतो, सोलतो, निम्मं खाली टाकतो. शेजारी भरलेली वाटी असूनही पोपट काही खाणं मेहनत करून मिळवणं पसंत करतात, हे प्रयोगांतून दिसलं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या प्रयोगांत, शोधून खायची सोय मिळालेल्या अ‍ॅमेझॉन पोपटांमध्ये पिसं उपटणं कमी आढळलं. झोपाळा आणि आरसा यांत शोधण्यासारखं काहीच नाही. आरसा तर काढूनच टाका, त्यातल्या पक्ष्यावर तो जीव लावून बसतो.

सुरुवात अगदी सोपी ठेवा. पहिले तीन-चार दिवस वाटीवर साध्या, बिनछपाईच्या कागदाचा तुकडा नुसता ठेवा, तोही त्याच्या डोळ्यांदेखत. त्याने कागद ओढून फेकला की पुढची पायरी. किराणा दुकानदार बांधायचा तशी पुडी करा, आत बदामाचा तुकडा किंवा सूर्यफुलाच्या ४-५ बिया. पहिल्या पुड्या अर्धवट उघड्या ठेवा, आतला दाणा दिसला पाहिजे. मग बंद पुड्या. मग त्या पुड्या नारळाच्या करवंटीत. करवंटी आतून खोबरं खरवडून, धुऊन, कडकडीत वाळवलेली हवी. नाहीतर पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी धरते आणि बुरशी पोपटाच्या फुप्फुसांना फार वाईट. करवंटीला बोटभर भोक पाडून ती स्टेनलेस स्टीलच्या साखळीने टांगा. अधूनमधून सालासकट मक्याचं कणीस किंवा शेवग्याची अख्खी शेंग गजांत अडकवा. स्टेपलरची पिन, चिकटपट्टी, रबरबँड कुठेही नको. सुती दोरीचे धागे सुटले की त्यात नख अडकतं किंवा ते गिळले जातात. दोरी विसविशीत झाली की फेकून द्या.

सूर्यफुलाच्या बिया वाटीतून पूर्ण बंद करा आणि फक्त पुडीत द्या. नुसत्या बियांवर जगणाऱ्या ग्रेला अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडतं, म्हणून वाटीत पेलेट (पक्ष्यांसाठीचं तयार दाणेदार खाद्य) आणि लाल भोपळा, गाजर, शेवग्याचा पाला. पहिल्या आठवड्यात रोजच्या खाण्याचा चौथा हिस्सा पुड्यांतून, तीन-चार आठवड्यांत हळूहळू अर्ध्याच्या पुढे न्या. रोज सकाळी खाण्याआधी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन घ्या. ४५० ग्रॅमचा पक्षी २०-२५ ग्रॅमने उतरला, तर काम जास्त कठीण झालंय, एक पायरी मागे या. ४५ ग्रॅमच्या आसपास उतरला तर थेट डॉक्टर.

बहुतेक घरांत दोन ठिकाणी चुकतं. एक, नवी वस्तू एकदम पिंजऱ्यात टांगतात. ग्रे बुजरा असतो. ती आधी चार-पाच दिवस खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, मग रोज थोडी जवळ आणा, आणि मधूनमधून त्याच्यासमोर तुम्हीच तिच्याशी खेळा. दोन, पक्ष्याने पुडीकडे पाहिलंही नाही तर दुपारी कुणीतरी कळवळून वाटी भरतं. मग तो पुडी उघडणार कशाला? मात्र एवढं करूनही जुनी सवय पूर्ण सुटेलच असं नाही. उपटणं कमी झालं, तरी ते मोठंच यश.

प्रश्न : आमच्या निळ्या-पिवळ्या मकाऊ पोपटाला संध्याकाळी ६ वाजता कंठ फुटतो. सोसायटीत तक्रार गेली आहे. ओरडला की आजी बिस्किट देते, तेवढ्यापुरता गप्प बसतो. (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : आजींनी त्याला उत्तम शिकवलंय : ओरड, बिस्किट मिळेल. उजाडताना आणि मावळताना थव्याला साद घालणं हा मकाऊचा स्वभाव आहे, तो दहा-पंधरा मिनिटं ओरडणारच. त्यापलीकडचं ओरडणं कमी करता येतं. साडेपाचलाच त्याला काम द्या : अक्रोड आत घालून तोंड घट्ट बंद केलेली खोकी, पेरूची जाड ओली फांदी, स्टीलच्या बोल्टवर चढवलेले फळांचे तुकडे आणि शेवटी हाताने फिरवायचा नट. मकाऊ नट काढायला शिकतो, आणि त्यातच त्याची वेळ जाते. ओरडत असताना कुणीही खोलीत जायचं नाही, रागावायचंही नाही. रागावणंही त्याला उत्तरच वाटतं. गप्प झाला किंवा हळू आवाजात बोलला की दोन सेकंदांच्या आत शाबासकी आणि खाऊ. पहिल्या आठवड्यात आवाज वाढेल. त्यातच घरातलं कुणी पाघळलं, तर आणखी जोरात ओरडायचं हे तो शिकेल. चहात बुडवलेलं बिस्किट तर अजिबात नको, चहा-कॉफी आणि चॉकलेट पोपटाला विषारी.

झोपही तपासा. हॉलमध्ये रात्री ११ पर्यंत टीव्ही आणि सकाळी ६ला उजेड, म्हणजे ७ तास झाले. त्याला १० ते १२ तास अंधार आणि शांतता लागते. पिंजऱ्यावर चादर घाला किंवा त्याला आतल्या खोलीत हलवा.

प्रश्न : पोपट रोज तासभर घरात मोकळा सोडतो. खिडकीला कबुतरांची जाळी आहे. पुरेसं आहे ना? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : नायलॉनची जाळी मोठा पोपट काही मिनिटांत कातरतो. खिडकी बंद, किंवा स्टीलची जाळी. पोपट सोडण्याआधी छताचा पंखा बंद करा आणि बटणावर चिकटपट्टी लावा, सवयीने हात जातोच. नॉनस्टिक तवा तापून धुरावला की पक्षी मिनिटांत मरू शकतो. मच्छर अगरबत्ती आणि धूपही त्याच्या खोलीत नकोत. पावसाळ्यात भिजण्याची हौस असेल तर साध्या पाण्याचा फवारा सकाळीच मारा, संध्याकाळपर्यंत पिसं कोरडी झाली पाहिजेत.

प्रश्न : आमच्या ग्रेला सोबत म्हणून साधा हिरवा पोपट आणू का? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : नाही. आपल्याकडचे हिरवे पोपट घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. वेगळ्या जातीचे पोपट एकमेकांची बोटं चावून तोडू शकतात, ते वेगळंच. ग्रे स्वतः परदेशी असला, तरी त्याचीही केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' या संकेतस्थळावर नोंदणी लागते. तुमची राहिली असेल तर आधी ती करा.